तालुक्याच्या कॉलेजातून जर्नलला पेपर पाठवायचा तर

पहिले माझा गाढवपणा सांगतो, मग बाकीचं. पीएचडीच्या वेळी कापूसवाल्या कास्तकारांचा सर्व्हे केला होता, दोन उन्हाळे मोटारसायकलवर यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव फिरून फॉर्म भरले आणि ते खताच्या रिकाम्या चुंगडीत बांधून घरी माळ्यावर ठेवले. त्यातून एक बरा पेपर निघत होता. तेवढ्यात व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आला, पंधराशे रुपये, ४८ तासांत पब्लिश, सर्टिफिकेट सोबत. प्रमोशनच्या फाईलची घाई होती, दिला पाठवून. दुसऱ्या दिवशी अॅक्सेप्टेड! एक कॉमा कोणी हलवला नव्हता. आज ती वेबसाईटच उघडत नाही, आणि तेच टेबल दुसरीकडे द्यायला जा तर आधी छापलेलं आहे म्हणून कोणी हात लावत नाही. पंधराशे गेले त्याचं काही नाही, दोन उन्हाळे गेले.

त्यानंतरचा पेपर, त्याच फॉर्ममधल्या उरलेल्या माहितीवरचा, मी नीट रस्त्याने पाठवला, वर्षाच्या वर वेळ लागला, दोनदा परत आला, तिसऱ्या ठिकाणी छापून आला. त्यात जे जे समजलं ते लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे विचारायला कोणी नसते, जो तो म्हणते "टाकून द्या ना सर कुठंतरी".

सगळ्यात पहिले जर्नल ठरवा, लिहायला नंतर बसा. पूर्ण पेपर लिहून मग जर्नल शोधणं म्हणजे कापड कापल्यावर माप घेतल्यासारखं आहे. कोणाला ६ हजार शब्द चालतात, कोणाला ३ हजारच, कोणाला रेफरन्स एपीए पद्धतीने (लेखकाचं नाव आणि साल) पाहिजे, कोणाला नंबर टाकून. ठरवायचं कसं, तर तुमच्या स्वतःच्या रेफरन्सची यादी पाहा, त्यात कोणत्या जर्नलचं नाव तीन-चारदा आलं? तेच तुमचं गिऱ्हाईक. मग त्याचे मागच्या दोन वर्षांचे अंक चाळा, एखाद्या जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा अभ्यास त्यांनी छापला आहे का ते पाहा. नसेल छापला तर तुमचा "यवतमाळ जिल्हा एक अभ्यास" तिथं कितीही चांगला असला तरी एडिटरच्या टेबलावरूनच परत येईल. शेतीवाल्यांसाठी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही रिसर्च जर्नल आहे, विज्ञानासाठी बंगलोरचं करंट सायन्स १९३२ पासून चालू आहे, अर्थशास्त्र-समाजशास्त्रवाल्यांना ईपीडब्ल्यू (इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली) माहीतच आहे. स्कोपस नावाच्या जर्नलांच्या मोठ्या यादीच्या मागे लागून भलत्याच विषयाच्या जर्नलला पाठवण्यापेक्षा ज्याचे वाचक तुमच्या विषयाचे आहेत तिथं पाठवा, हे माझं मत, ज्याला पटत नसेल त्यानं सोडून द्या.

आता खरं-खोटं कसं ओळखायचं. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) केअर लिस्ट, म्हणजे चालणाऱ्या जर्नलांची यादी, होती तोपर्यंत निदान एक काठी हातात होती, २०१९ पासून ती वापरात होती आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं ती बंद केली, आता जर्नल पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि तुमच्या-आमच्यावर आहे. म्हणून पाठवायच्या आधी आपल्या विद्यापीठाचा सध्याचा नियम काय आहे ते रिसर्च सेलमध्ये विचारून घ्या, मागच्या वर्षीच्या सिनिअरचं ऐकू नका. पीएचडीवाल्यांनाही तेच, थिसिस जमा करायच्या आधी पेपर छापलाच पाहिजे ही अट यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत नाही, पण विद्यापीठ आपली अट ठेवू शकते.

तपासायचं असं. जर्नलवर आठ आकडी आयएसएसएन असते, तो नंबर आयएसएसएनच्या पोर्टलवर टाकून नाव जुळते का पाहा. पण नुसता आयएसएसएन आहे म्हणून जर्नल चांगलं असं नाही, तो म्हणजे गाडीचा नंबर, गाडी चालते की नाही ते त्यावरून कळत नाही. स्कोपस म्हणत असतील तर स्कोपसची सोर्स यादी फुकट पाहता येते, तिथं कोणत्या वर्षापर्यंत कव्हरेज आहे तेही दिलेलं असते, काही जर्नलं यादीतून केव्हाच काढून टाकलेली असतात आणि हे जाहिरातीत अजूनही नाव मिरवत असतात. वेब ऑफ सायन्स या तसल्याच दुसऱ्या यादीसाठी क्लॅरिव्हेटची मास्टर जर्नल लिस्ट, ओपन अॅक्सेससाठी (म्हणजे वाचायला सगळ्यांना फुकट असलेल्या जर्नलांसाठी) डीओएजे ही यादी. आणि साईट उघडायची ती या याद्यांमधल्या माहितीशी पडताळून, गुगलवरून पहिली दिसली ती नाही, कारण चांगल्या जर्नलची हुबेहूब नकली साईट बनवून पैसे घेणारेही आहेत.

आणि फसणारे फक्त आपण खेड्यातलेच असं समजू नका. २०१३ मध्ये सायन्स या मासिकासाठी जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका भरलेला खोटा पेपर ३०४ ओपन अॅक्सेस जर्नल्सला पाठवला होता, १५७ जणांनी तो घेतला.

पैशाचं पण इथंच सांगून टाकतो. सगळे पैसे घेणारे खोटे नाहीत, ओपन अॅक्सेसची फी अधिकृतपणे असते, मोठ्या प्रकाशकांची तर हजारो डॉलर, आपला पगार तिकडेच जाईल. पण सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या बऱ्याच जर्नल्सला लेखकाकडून काही लागत नाही, आणि दोन्ही पद्धतीची असतात तिथं अॅक्सेप्ट झाल्यावर एक स्क्रीन येते, ओपन अॅक्सेस पाहिजे का, तिथं सबस्क्रिप्शनवालं निवडायचं. घाईत ओके दाबू नका बाप्पा. डीओएजेमध्ये फी न घेणारी जर्नलं वेगळी गाळूनही पाहता येतात. जो फीचा आकडा आधी सांगत नाही आणि पेपर गेल्यावर क्यूआर कोड पाठवते, तिथून मागच्या पायी परत यायचं.

वाचायला पेपर कुठून आणायचे हे आपलं जुनं रडगाणं. ग्रंथपालांना विचारा, कॉलेजांसाठी इन्फ्लिबनेटचं एन-लिस्ट (ऑनलाईन जर्नल वाचायची सोय) आहे, त्याचा पासवर्ड कपाटात पडलेला असतो. सरकारी संस्थांसाठी जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालं, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार जर्नलं. थिसिस पाहिजे तर शोधगंगा. आणि काहीच नाही जमलं तर लेखकाला सरळ मेल करा, मी आजपर्यंत ज्यांना ज्यांना मागितला त्यातल्या बहुतेकांनी पीडीएफ पाठवला, एकानं तर वर पऱ्हाटीबद्दल (कपाशीबद्दल) चार प्रश्न विचारले.

लिहायचं म्हणाल तर सुरुवात टेबलापासून करा. प्रस्तावना पहिले लिहायला बसलं की आपण "भारत हा कृषिप्रधान देश आहे" इथूनच चालू होतो आणि तालुक्यात यायला दोन पानं जातात. टेबल आणि आकृत्या आधी, मग पद्धत, मग निष्कर्ष काय निघाले ते, मग चर्चा, मग प्रस्तावना, आणि अॅबस्ट्रॅक्ट (सारांश) शेवटी. अॅबस्ट्रॅक्ट दीडशे-अडीचशे शब्दांचा असतो बहुतेक ठिकाणी, त्यात किती लोकांना विचारलं आणि काय सापडलं ते आकड्यासकट आलं पाहिजे, "महत्त्वाचे निष्कर्ष मांडले आहेत" असं लिहून वाचणाऱ्याला काय समजणार.

आता जिथं माझा पेपर खरा अडकला ते सांगतो, कारण हे आपल्या भागातल्या प्रत्येकाचं होते. मी टेबलात शेती एकरात लिहिली होती आणि उतारा (पीक किती निघालं ते) एकरी क्विंटलमध्ये, जसं कास्तकार सांगते तसं. रिव्ह्यूअर (जर्नल ज्याच्याकडून पेपर तपासून घेते तो) म्हणे लहान शेतकरी कोणाला म्हणता? मी म्हटलं पाच एकरवाला, सगळी दुनिया म्हणते. पण कृषी गणनेत एक हेक्टरच्या आतला सीमांत, एक ते दोन हेक्टर लहान, दोन ते चार निम-मध्यम. आणि पाच एकर म्हणजे २.०२ हेक्टर! फॉर्म भरताना मी विचारलेलं मला अजून आठवते, "काका शेती किती?" तर "पाच एक्कर हाय ना बाप्पा." सातबारा पाहिला तर २ हेक्टर २ आर. म्हणजे काटेकोर पाहिलं तर तो काका लहानमध्ये बसतच नाही. चुंगडी परत खाली काढली, प्रत्येक फॉर्मवरचा गट पुन्हा तपासला, आठ दिवस गेले. बायको म्हणे धूळ तरी अंगणात झटका. तर सांगायचं असं की सर्व्हेच्या वेळीच सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरचा आकडा लिहून घ्या आणि पेपरात व्याख्या कुठली वापरली ते पद्धतीच्या भागात एका वाक्यात टाका.

त्याहून मोठा घोळ उताऱ्याचा. आपण म्हणतो एकरी सहा क्विंटल कापूस, तो असतो सरकीसकटचा. बाहेरचा वाचणारा कॉटन यील्ड म्हटलं की रुई समजते. एकरी सहा क्विंटल म्हणजे हेक्टरी साधारण १४८० किलो सरकीसकट कापूस, आणि त्यातून रुई निघते साधारण एक तृतीयांश, म्हणजे हेक्टरी पाचशेच्या आसपास. नुसतं कॉटन लिहिलं तर रिव्ह्यूअरला वाटते हा माणूस कोरडवाहूत तिप्पट पिकवून राहिला, याचा डेटाच खोटा. म्हणून सीड कॉटन की लिंट हे प्रत्येक टेबलाच्या डोक्यावर लिहा. गाठीचंही तसंच, आपल्याकडची गाठ १७० किलोची आणि अमेरिकेतली ४८० पौंडाची म्हणजे २१८ किलोच्या आसपास, नुसत्या गाठी लिहून काही कळत नाही.

शब्दांचंही पाहा. सालदाराला (वर्षाच्या करारावर ठेवलेला शेतमजूर) इंग्रजीत सर्व्हंट लिहू नका, मक्त्याला (ठरलेल्या रकमेवर शेती कसायला घेणं) नुसतं लीज म्हणून सोडू नका. आपला शब्द रोमन अक्षरात तिरपा ठेवा, पहिल्यांदा आला तिथं कंसात दोन ओळीत अर्थ सांगा आणि पुढं तोच वापरा. उलट अशा शब्दांमुळेच पेपरला वजन येते, ते दुसऱ्या कोणाजवळ नसतात. इंग्रजी साधं ठेवा, छोटी वाक्यं. एआयकडून भाषा सुधरवून घेतली तर जर्नलचा नियम पाहून तसं लिहून द्या, त्याला लेखक म्हणून टाकता येत नाही, आणि त्यानं दिलेला रेफरन्स उघडून पाहिल्याशिवाय ठेवू नका, नसलेले पेपर ते बिनधास्त तयार करते.

मराठी जर्नलला पाठवणारे हो, तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून कृतिदेवमध्ये टाईप करून घेऊ नका. तिकडं फॉन्ट नसला की सगळी एबीसीडी दिसते, आणि प्लेजिअरिझम (मजकुराची चोरी) पकडणाऱ्या सॉफ्टवेअरलाही ते वाचता येत नाही. युनिकोडमध्येच टाईप करा, जुना मजकूर कन्व्हर्ट केला तर जोडाक्षरं आणि रफार डोळ्याखालून घाला.

रेफरन्ससाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर, फुकट आहे. हातानं यादी केली की पेपर परत आल्यावर दुसऱ्या जर्नलच्या पद्धतीत बदलता बदलता जीव जातो, झोटेरोत एक क्लिक. नकाशा गुगलवरून उचलू नका, क्यूजीआयएसवर स्वतः काढा, तेही फुकट आहे, पोरांना येते, विद्यार्थ्यांना विचारा लाज बाळगू नका. आकृत्या ३०० डीपीआयच्या लागतात बहुतेक ठिकाणी, व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो चालत नाही.

सिमिलॅरिटीची (आधीच्या मजकुराशी किती जुळते त्याची) भीती लोकांना फार. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० पहिली पायरी, मग ६० पर्यंत दुसरी, वर तिसरी. रेफरन्सची यादी आणि नीट श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात धरत नाहीत. पण जर्नलचा स्वतःचा आकडा वेगळा असू शकतो. आणखी एक, तुमची थिसिस शोधगंगेवर चढली असेल तर तुमचाच पेपर तुमच्याच थिसिसशी ४० टक्के जुळलेला दाखवते, घाबरू नका, कव्हर लेटरमध्ये स्पष्ट लिहा की हा पेपर माझ्या थिसिसमधून घेतला आहे. शब्द बदलणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागून "कपाशी"चं भलतंच इंग्रजी करून घेऊ नका.

नावं कोणाची टाकायची हा आपल्याकडचा नाजूक विषय. वैद्यकीय जर्नल्सची जी आयसीएमजेई समिती आहे तिचे चार निकष बाकीचेही बरेच जण मानतात. कामात खरा वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, शेवटच्या प्रतीला मंजुरी, आणि उद्या काही निघालं तर जबाबदारी घ्यायची तयारी. चारही पाहिजेत. विभागप्रमुख आहेत म्हणून किंवा "तुझ्या पेपरात मी माझ्या पेपरात तू" म्हणून नाव टाकायचं नाही. तोंडावर नाही कसं म्हणायचं? मी म्हणतो, सर पोर्टलवर सगळ्या लेखकांना कन्फर्मेशनचा मेल जाते आणि कोणी काय केलं ते लिहावं लागते, तुमचं काय लिहू? बरेच जण तिथंच थांबतात. ज्यांनी फॉर्म भरायला मदत केली ते आभारात.

आता फाईली. टायटल पेज वेगळं, त्यात नावं, कॉलेजचा पत्ता, ईमेल, ऑर्किड नंबर (संशोधकाची ओळख सांगणारा, १६ आकडी, फुकट मिळते, आधी काढून ठेवा), निधी कुठून मिळाला, आभार. मुख्य पेपर बिननावाचा, कारण बऱ्याच ठिकाणी डबल ब्लाइंड असते, लेखक आणि रिव्ह्यूअर एकमेकांना कळू देत नाहीत. बिननावाचा म्हणजे नुसतं वरचं नाव खोडून होत नाही, "आमच्या आधीच्या अभ्यासात" असं लिहिलं की कळलं कोण ते. वर्डमध्ये फाईल, मग इन्फो, मग इन्स्पेक्ट डॉक्युमेंट करून आतलं नाव काढावं लागते. माझ्या फाईलच्या ऑथरमध्ये झेरॉक्सच्या दुकानदाराचं नाव होतं, ते वेगळंच. ओळींना नंबर चालू करा, लेआउटमध्ये आहे ते, पुढं कामात येते. लोकांच्या मुलाखती घेतल्या असतील तर संमती कशी घेतली, एथिक्स कमिटीची परवानगी होती का, ते लिहायला लागते, नंतर मागच्या तारखेचं पत्र तयार करायची भानगड करू नका.

कव्हर लेटर एका पानाचं. पेपरचं नाव, काय विचारलं आणि काय सापडलं ते तीन-चार ओळीत, तुमच्याच जर्नलला का पाठवला, दुसरीकडे कुठं पाठवलेला नाही, सगळ्या लेखकांची संमती आहे. बस. "आपल्या प्रतिष्ठित जर्नलात" वगैरे हार-तुरे नको. आणि खरंच एका वेळी एकाच जर्नलला पाठवा, दोन्हीकडे पाठवला आणि एकच रिव्ह्यूअर निघाला तर दोन्हीकडून जाते, विषय लहान असला की तेच तेच रिव्ह्यूअर असतात.

सबमिट करायला बसताना लाईन आहे का पाहा. मी रात्री अकरा वाजता बसलो, पाचव्या स्टेपला लाईन गेली, मोबाईलचं नेटवर्क फक्त गच्चीवर. नंतर कळलं की पोर्टलवर अर्धवट राहिलेलं सेव्ह राहते, लॉगिन करून तिथूनच पुढं जाता येते, फक्त प्रत्येक पानावर सेव्ह दाबत जायचं. शेवटी तुमच्या सगळ्या फाईली जोडून एक पीडीएफ तयार होते, ते पूर्ण उघडून पाहिल्याशिवाय अप्रूव्ह करायचं नाही, माझ्या पहिल्या पीडीएफमध्ये टेबल अर्धं पानाबाहेर गेलं होतं. आणि अप्रूव्ह नाही दाबलं तर पेपर जातच नाही, आमच्या एका मॅडमचा तीन महिने तसाच पडून होता, त्या वाट पाहत राहिल्या.

मग थांबायचं. "विथ एडिटर" म्हणजे एडिटरच्या टेबलावर, "अंडर रिव्ह्यू" म्हणजे रिव्ह्यूअरकडे गेला. आठ-पंधरा दिवसांत नकार आला तर बहुतेक वेळा विषय बसला नाही एवढंच, दुसऱ्या दिवशी पुढच्या जर्नलची तयारी. कधी ते म्हणतात आमच्याच दुसऱ्या जर्नलला ट्रान्सफर करू का, तिथं आधी फी पाहा मग हो म्हणा. तीन-चार महिने काहीच हाललं नाही तर एक नम्र मेल, पेपरचा नंबर टाकून. रोज स्टेटस पाहून सोयाबीन लवकर वाळत नाही.

मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या सुधारणा करून परत पाठवा असं, आलं तर पेढे वाटा, खरंच, नाकारायचंच असतं तर सुधारायला सांगितलं नसतं. पहिल्या दिवशी राग येते, वाचून ठेवून द्या, दोन दिवसांनी बसा. रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा जसाचा तसा कॉपी करा, त्याच्याखाली तुमचं उत्तर, आणि बदल कोणत्या ओळ नंबरवर केला ते. उत्तर असं, "आपण म्हणता ते बरोबर आहे, एकराऐवजी हेक्टर केलं, कृषी गणनेची व्याख्या ओळ ११२ ला दिली, टेबल २ बदललं." जिथं पटत नाही तिथं नाही म्हणायला हरकत नाही, फक्त कारण द्या. मला एकानं सांगितलं की सालदारांची मुलाखत पुन्हा घ्या, मी लिहिलं की गुढीपाडव्याला साल बदलते, त्यातले बरेच जण आता दुसऱ्या गावाला लागले, म्हणून शक्य नाही, ही मर्यादा म्हणून पेपरात टाकली आहे. मानलं त्यानं.

अॅक्सेप्ट झालं की प्रूफ (छापायच्या आधीची प्रत) येते आणि ४८ तासांत परत मागतात, हा मेल स्पॅममध्येही जाऊ शकते, पाहत राहा. प्रूफ म्हणजे नवीन वाक्यं घालायची जागा नाही, पण नावं, टेबलातले आकडे आणि गावांची स्पेलिंग अक्षर न् अक्षर तपासा. आमच्या नेर तालुक्याचं तिकडच्या कॉपी एडिटरनं टायपिंगची चूक समजून सगळीकडे "निअर" करून टाकलं होतं. सहा ठिकाणी मी परत नेर करून पाठवलं, सातवं नकाशाच्या खाली बारीक अक्षरात होतं, ते तसंच छापून आलं.